पब्लिक इंटरेस्ट टेक्नॉलॉजीत करिअर करायचंय? मग आधी सेतू केंद्राच्या रांगेत थांबा

परवा भाचीची मैत्रीण घरी आलेली, इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, चहा होईपर्यंत काही बोलली नाही आणि कप हातात आल्यावर एकदम म्हणाली, "मावशी, तुम्ही करता ते पब्लिक इंटरेस्ट टेक्नॉलॉजी म्हणजे नेमकं काय असतंय हो? आणि त्याच्यावर घर चालतंय का?" दोन्ही प्रश्न सरळ आहेत आणि दोन्हीची उत्तरं मला दहा मिनिटांत देता आली नाहीत, म्हणून बैजवार लिहून काढतेय. माझ्याबद्दल एवढंच की मी पुण्यात काही वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर होते, २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूरला परत आले आणि तेव्हापासून याच कामात आहे.

आधी ते मोठं नाव बाजूला ठेवू. रेशन, पेन्शन, सातबारा, जातीचा दाखला, स्कॉलरशिप, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, पुराची सूचना, मतदारयादी, या सगळ्याच्या मागं आता कुठली ना कुठली सिस्टीम आहे. ती सिस्टीम कुणासाठी चालत नाही हे शोधायचं, का चालत नाही ते समजून घ्यायचं आणि चालेल असं करायचं, हे झालं काम. 'कुणासाठी चालत नाही' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत, कारण बहुतेक लोकांसाठी ती चालतच असते, आणि ज्यांच्यासाठी चालते ते लोक मग म्हणतात की सगळं ऑनलाइन झालं, किती सोपं झालं.

आता यात वेगळं करिअर कशाला पाहिजे, चांगला इंजिनिअर कुठलंही ॲप बनवेल की, असं वाटतं. मलाही वाटायचं. फरक इथं आहे: जेवण मागवायचं ॲप तुम्हाला जमलं नाही तर तुम्ही ते काढून टाकता, दुसरं घेता, कंपनीचं नुकसान होतं, म्हणून कंपनी रात्रंदिवस बसून ते सोपं करते. रेशनच्या सिस्टीमला दुसरं ॲप नसतं. शिवाय पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा असतो, म्हणजे खातं टेंडर काढतं, कंपनी ते घेते, खात्यातले साहेब डेमो बघून सही करतात, बिल निघतं, आणि ज्या आज्जीला ते मशीन वापरायचंय ती या सगळ्यात कुठंच नसते, ती थेट चालू झाल्यावर दुकानात भेटते. तिला अडलं म्हणून कुणाचा एक रुपया बुडत नाही. तिच्या बाजूनं बघणारा माणूस त्या साखळीत कुणीतरी मुद्दाम बसवावा लागतो आणि तो माणूस होणं हेच हे करिअर.

वकिलीत हे आधी झालेलं आहे. १९८० च्या आसपास सुप्रीम कोर्टानं तुरुंगातनं आलेल्या साध्या पत्रालाही याचिका मानायला सुरुवात केली आणि जनहित याचिका हा शब्द घराघरात गेला, तोपर्यंत ज्याच्याकडं फी त्याचाच वकील असं होतं. कायदा तोच, कोर्ट तेच, पण फी न देऊ शकणाऱ्यासाठी काम करणारी वकिलांची एक फळी तयार झाली. टेक्नॉलॉजीत तशी फळी आता कुठं उभी राहायला लागलीय.

मोठ्या देशांतही धडा मार खाऊनच मिळालाय. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विमा घ्यायची सरकारी वेबसाईट सुरू झाली, करोडो डॉलर खर्चून, आणि पहिल्या दिवशी देशभरात फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. सहा! मग धावपळ करून बाहेरनं इंजिनिअर आणले, साईट दुरुस्त केली आणि २०१४ ला तिथल्या सरकारनं स्वतःची डिजिटल सर्व्हिस नावाची टीमच उभी केली. ब्रिटननं तशी टीम २०११ लाच केलेली. आपल्याकडं बंगळुरूची ईगव्ह फाउंडेशन २००३ पासून महापालिकांच्या सिस्टीमवर काम करतेय, म्हणजे आपण फार मागं आहोत असंही नाही.

पण मला परदेशापेक्षा अंगठ्याबद्दल सांगायचंय, कारण हे काम काय आहे ते मला अंगठ्यानंच शिकवलं.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, सप्टेंबर २०१० मध्ये. त्यानंतर हळूहळू रेशन दुकानात ई-पॉस मशीन आलं, अंगठा लावा, धान्य घ्या. आणि त्याच्याबरोबर एक वाक्य आलं जे आता प्रत्येक गावात ऐकू येतं, "अंगठा लागत नाही." हे वाक्य ऐकलं की लोक म्हणतात मशीन खराब आहे, दुकानदार म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, आणि कधी कधी खरंच तसं असतं, पण बऱ्याच वेळा मशीन अगदी जसं बनवलंय तसंच चालत असतं. कसं ते बघा. मशीन अंगठ्याचा फोटो घेतं, तो आधारच्या सर्व्हरकडं जातो, रेषा कुठं संपतात आणि कुठं फुटतात ते बिंदू आधारला नोंद असलेल्या बिंदूंशी ताडले जातात आणि किती जुळलं त्याचे मार्क पडतात. त्या मार्कांवर पास-नापासची एक रेघ मारलेली असते. रेघ वर नेली तर दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलणं अवघड होतं, पण खरा माणूस नापास व्हायची शक्यता वाढते, आणि रेघ खाली आणली की बरोबर उलटं होतं. ही रेघ कुठं मारायची हा निर्णय गणित सांगत नाही, तो कुणीतरी माणूस घेतो. आता आपल्या जिल्ह्यात फौंड्रीत वाळूत आणि धगीत हात घालणारे, ऊसतोडीला जाणारे, सिमेंट कालवणारे, भांडी घासून हात गेलेल्या बायका, आणि वयानं कातडी पातळ झालेली सगळी म्हातारी माणसं, यांच्या बोटावरच्या रेषाच झिजलेल्या असतात. नापास कोण होणार हे आधीच ठरल्यासारखं आहे.

आणि इथं टक्केवारी फसवते. समजा शंभरातल्या ९८ घरांचा अंगठा लागतोय. मीटिंगमध्ये स्लाईडवर ९८ टक्के दिसलं की सगळे खूष. पण ज्या दुकानाला ५०० कार्डं आहेत तिथं ती राहिलेली दोन टक्के म्हणजे १० घरं, आणि पुढच्या महिन्याला नवीन १० घरं नसतात, तीच १० असतात, कारण बोट तेच आहे. दर महिन्याला तोच माणूस परत जातो. हे समजायला मला वर्ष लागलं, मी टेस्टर असून. ऑफिसात आम्ही एरर मोजायचो, एरर कुणावर पडतेय ते मोजत नव्हतो.

मग उपाय काय, मशीन फेकून द्यायचं का, तर नाही, दुसरी वाट ठेवायची. ओटीपी, डोळ्याचं स्कॅन, घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा, आणि काहीच जमलं नाही तर वहीत नोंद करून धान्य. अशा वाटा बऱ्याच ठिकाणी कागदावर असतातच. त्या दुकानदाराला माहीत आहेत का, मशीनच्या स्क्रीनवर तो पर्याय तीन पायऱ्या आत लपलाय का समोर आहे, ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर घरात कुणाकडं आहे का पुण्याला गेलेल्या पोराकडं आहे, दुसरी वाट वापरली म्हणून दुकानदारावर संशय घेतला जातो का, हे सगळं बघणं म्हणजे आमचं काम. यातल्या निम्म्या गोष्टींना कोडची एक ओळ लागत नाही.

दुसरं उदाहरण नावाचं, हे तर आपल्या भाषेचंच आहे. ज्ञानदेव हे नाव इंग्रजीत कसं लिहाल? कुणी 'डी'नं सुरू करतो, कुणी 'जी'नं, कुणी 'जे'नं, त्यात मधे 'वाय' घालायचा का नाही ते टाईप करणाऱ्याच्या मनावर. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, सातबारा तर मराठीतच, आणि वर कुठं वडिलांचं नाव आधी तर कुठं आडनाव आधी. पीएम किसान २०१९ ला सुरू झालं, वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत, आणि त्यात कितीतरी जणांचे हप्ते असल्या नावाच्या फरकानं अडकले. कॉम्प्युटरला दोन अक्षरांचा फरक म्हणजे दोन वेगळी माणसं, गावात विचारलं तर कुणीही पोरगं सांगेल की दोन्ही एकच आबा आहेत. प्रोग्राममध्ये 'तंतोतंत जुळलं पाहिजे' याऐवजी 'बऱ्यापैकी जुळतंय, माणसाला दाखवा' असा नियम करता येतो, मराठी उच्चारावरनं नावं जुळवायची पद्धतही बसवता येते, पण ते सुचायला मराठी नावं कशी बिघडतात हे माहीत असणारा माणूस टीममध्ये लागतो. आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे नुसतं 'रिजेक्टेड' न लिहिता 'बँकेतलं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं आहे, बँकेत आधार घेऊन जा' एवढं मराठीत लिहिणं. त्या एका वाक्यानं माणसाच्या तीन चकरा वाचतात. म्हणून भाषा चांगली असलेल्या पोरांना मी नेहमी सांगते, तुम्हालाही इथं जागा आहे, कोडिंग येत नाही म्हणून मागं फिरू नका.

आता माझी चूक सांगते, कारण ती या कामातली मोठी गोष्ट आहे. जुलै २०२१ ला परत पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि २०१९ सारखंच तेव्हाही पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलेलं. आम्ही चार-पाच जणांनी रात्रीत एक ऑनलाइन फॉर्म केला, नाव, मोबाईल, पत्ता, घरात किती माणसं, कुणी आजारी किंवा गरोदर आहे का, आणि उत्तरांची शीट सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवली, म्हणजे मदत करणाऱ्यांना पटकन सापडेल. दोन तासांत ती लिंक जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर. मला तेव्हा फार अभिमान वाटलेला. दुसऱ्या दिवशी कळलं की एकाच घराची विनंती तीन नातेवाईकांनी तीन वेळा भरलीय, त्यामुळं दोन बोटी एकाच घरी गेल्या. सुटका झालेली माणसंही यादीत तशीच होती, कारण 'काम झालं' असा रकानाच आम्ही ठेवला नव्हता. ज्यांच्याकडं फोन बंद पडलेले त्यांचं नाव यादीत येणारच नव्हतं, म्हणजे सगळ्यात अडचणीत असलेली माणसं आमच्या शीटला दिसतच नव्हती. आणि एका मुलीला रात्री अनोळखी माणसांचे फोन यायला लागले, तिचा नंबर आमच्या शीटमधनं गेलेला. तिनं स्वतः मला फोन करून सांगितलं. मी शीट बंद केली, तिची माफी मागितली, पण नंबर परत आणता येत नाही. तिचा आवाज अजून आठवतो.

२०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ ला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, हे सगळं वाचाच. पण मी त्या दिवसापासून कुठल्याही फॉर्मला चार प्रश्न विचारते. हा रकाना नसला तर काम अडेल का, हे कुणाकुणाला दिसणार, हे कधी पुसणार, आणि एखाद्या वाईट माणसाच्या हातात गेलं तर कुणाचं नुकसान. आधारची झेरॉक्स तर विनाकारण मागूच नका, ग्रुपवर तर मुळीच नाही.

पुराचंच अजून एक सांगते, कारण कोल्हापूरच्या पोरांना करण्यासारखं यापेक्षा चांगलं काम मला दिसत नाही. पावसाळ्यात रोज पातळी येते, इतके फूट इतके इंच, राधानगरीचे इतके स्वयंचलित दरवाजे उघडले, विसर्ग इतका क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. आकडे असतात, खोटे नसतात, वेळेवर येतात, पण सुतारवाड्यातल्या किंवा चिखली-आंबेवाडीतल्या बाईला क्युसेकचं काय करायचंय, तिला एवढंच पाहिजे की माझ्या दारात पाणी किती फुटाला येतं आणि जनावरं कधी सोडायची. हे ज्ञान गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं असतं. अमुक फुटाला देवळाची पायरी, अमुकला शाळेचा व्हरांडा, मग रस्ता बंद. ते कुठंच लिहिलेलं नसतं. एखाद्या गावात चार आठवडे बसून अशा पंधरा-वीस खुणा गोळा करायच्या, दोन-तीन वेगवेगळ्या माणसांकडनं तपासून घ्यायच्या, २०१९ आणि २०२१ च्या भिंतीवरच्या खुणांशी ताडायच्या, ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर टाकायच्या, आणि रोजच्या पातळीबरोबर 'आता पाणी या खुणेपर्यंत येऊ शकतं' असा साधा आवाजी मेसेज. टेक्निकली दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करेल. अवघड काय आहे तर जबाबदारी. तुमचा मेसेज चुकला आणि माणूस घरात थांबला तर? म्हणून हे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि ग्रामपंचायतीला सोबत घेऊनच करायचं, अधिकृत सूचनेच्या जागी नाही, तिच्या जोडीला. शिरोळकडचं गणित अजून वेगळं, तिथं कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही, खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण, त्यामुळं राजाराम बंधाऱ्याचा एकच आकडा धरून तिथं काही सांगायला जाऊ नका.

बरं, नोकऱ्या कुठं असतात. सरकारच्या आत एनआयसी ही केंद्राची आयटी संस्था आहे, महाआयटी ही राज्याची आहे, महापालिकांचे आयटी विभाग आहेत, आणि मुख्यमंत्री फेलोशिप आहे, २०१५ ला सुरू झालेली, मध्ये काही वर्षं बंद होती, २०२३ ला परत चालू झाली, पदवीला ६० टक्के, वय २१ ते २६, एक वर्षाचा अनुभव आणि मराठी नीट येणं असल्या अटी असतात, दर वेळची जाहिरात बघून खात्री करा. आत राहून काम करणं हळू असतं, फाईल फिरते, बदली होते, पण एक ओळ बदलली तर ती सगळ्या जिल्ह्यांत बदलते. संस्थांमध्ये आरोग्य, शिक्षण, शेती सगळीकडं टेक्निकल माणूस लागतो. मुंबईची आरमान ही संस्था २००८ पासून आहे, गरोदर बायकांना दर आठवड्याला त्यांच्या भाषेत आवाजी कॉल करते. ॲप न करता कॉल का, तर वाचता येईलच असं नाही आणि स्मार्टफोन असेलच असं नाही. कॉल कुठल्या वेळेला यावा ते बाई स्वतः निवडते, कारण फोन दिवसभर नवऱ्याकडं असू शकतो. एवढ्या एका वेळेच्या रकान्यात किती घरं बघितलेली असतील त्या टीमनं, विचार करा. हक्कांच्या बाजूनं काम करायचं तर दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा एसएफएलसी आहे, वकील आणि इंजिनिअर एकत्र बसतात. सरकारी बजेट आणि डेटा लोकांना समजेल असा मांडायचा तर सिव्हिकडेटालॅब. अभ्यासाची ओढ असेल तर आयआयटी मुंबईचं सितारा केंद्र, १९८५ पासूनचं आहे, तिथं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट मध्ये एमटेक होतं, गावात राहून काम करावं लागतं, आणि राज्याच्या पोकरा या शेतीच्या प्रकल्पातल्या गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम आयआयटीच्याच लोकांनी केलंय. टेस्टिंग येत असेल तर ॲक्सेसिबिलिटी शिका, म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर साईट चालते का ते तपासणं. एनव्हीडीए हे तसलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजच टाका, मॉनिटर बंद करा आणि कुठलाही सरकारी फॉर्म भरून बघा. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ला झालेल्या बायका होत्या ज्यांना केवायसीला 'डोळे मिचकवा' म्हटल्यावर मिचकवताच येत नव्हते. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण असा फीचर मीही पास केला असता.

घर चालतंय का? चालतं, पण पुण्याच्या आयटीतल्या मित्रांशी तुलना करायला गेलात तर त्रास होईल, पगार कमीच असतो आणि संस्थांतलं काम बऱ्याच वेळा एखाद्या फंडावर चालतं, फंड दोन-तीन वर्षांचा, तो संपला की पुढचं काय हा प्रश्न येतोच. मुलाखतीला हे स्पष्ट विचारा, फंड कधीपर्यंत आहे, वाईट दिसत नाही ते. घरावर कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण असेल तर आधी दोन-तीन वर्षं साधी आयटीची नोकरी करून शिल्लक टाका आणि शनिवार-रविवार हे काम करा, त्यात काही कमीपणा नाही. मी तसंच केलं. नुसत्या समाजसेवेच्या भरात उडी मारलेली पोरं वर्षात थकून परत गेलेली मी बघितलीत आणि ती चांगली पोरं होती. आणि 'अनुभव मिळेल' म्हणून सहा-सहा महिने फुकट राबवून घेणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, गरिबांसाठी काम आहे म्हणून कामाचा पैसा मागायचा नाही असं कुठं लिहिलेलं नाही.

काय शिकायचं तर पायथन, एसक्यूएल हे तर हवंच, पण स्प्रेडशीट इतकं पक्कं करा की तहसीलमधल्या क्लार्कच्या फाईलमध्ये बसून तुम्ही काम करू शकाल, कारण तुमचा डॅशबोर्ड तो उघडणार नाही, स्प्रेडशीट रोज उघडतो. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये हात घाला, फॉस युनायटेड ही त्यातल्या लोकांची संस्था २०२० पासून देशभरात भेटीगाठी घेते. मॉझिलाच्या कॉमन व्हॉईसवर, जिथं लोकांच्या आवाजाचे नमुने गोळा करतात, मराठी आवाज द्या, त्यात आपला कोल्हापुरी हेल गेलाच पाहिजे, नाहीतर उद्याचं बोलणारं मशीन आपल्या आज्जीचं बोलणं समजणार नाही.

आणि माहितीचा अधिकार शिका. २००५ चा कायदा, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, ३० दिवसांत उत्तर, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत. इंजिनिअर लोक याला वकिलांचं काम समजतात, पण डेटा मिळवायचं एवढं स्वस्त साधन दुसरं नाही. प्रश्न नेमका विचारायचा. 'सिस्टीम का चालत नाही' असं विचारलं तर काही मिळत नाही, 'अमुक महिन्यात अमुक तालुक्यात किती अर्ज आले, किती नाकारले आणि नाकारण्याच्या कारणनिहाय संख्या द्या' असं विचारलं की मिळतं. त्याच्या जोडीला राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वाचा, कुठला दाखला किती दिवसांत मिळायला पाहिजे, नाही मिळाला तर अपील कुणाकडं, आणि सेवांची यादी, फी, मुदत हे सगळं ऑफिसात फलकावर लावलं पाहिजे, हे त्यात लिहिलेलंच आहे.

पहिली नोकरी मागायला जाताना सर्टिफिकेटांची थप्पी नेऊ नका. एक काम न्या, लहान असलं तरी चालेल, दोन पानांत लिहिलेलं. कुणाची अडचण होती, तुम्ही कुठं बसून ती बघितली, काय केलं, काय चुकलं, आता ते कोण सांभाळतंय. 'आता कोण सांभाळतंय' याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण हॅकेथॉनमध्ये बनलेली आणि बक्षीस मिळाल्यावर बंद पडलेली ॲपं ढिगानं आहेत.

भाचीच्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगत बसले नाही. तिला म्हटलं, येत्या शनिवारी तुमच्याजवळच्या सेतूत जा, चालवणाऱ्याला विचारून, बाजूच्या बाकावर दोन तास बस, लॅपटॉप नेऊ नकोस, वही ने, आणि जो माणूस काम न होता परत जाईल त्याला फक्त एवढंच विचार की का परत चाललाय, नाव-नंबर काही विचारू नकोस.

गेली ती. संध्याकाळी फोन आला. बहुतेक लोक एखादा कागद कमी म्हणून परत जात होते आणि कुठल्या दाखल्याला कुठले कागद लागतात त्याचा फलक होता, पण आतल्या बाजूला, काउंटरच्या मागं, अक्षरं बारीक, म्हणजे तासभर रांगेत उभं राहून नंबर आल्यावरच वाचता येणार. तिनं चालवणाऱ्या दादांना विचारून सगळ्यात जास्त लागणाऱ्या पाच दाखल्यांची यादी मोठ्या अक्षरात टाईप केली, प्रिंट काढून बाहेर दाराला लावली, आणि खाली त्यांच्याच सांगण्यावरनं दुपारी किती वाजता गर्दी कमी असते तेही लिहिलं. दादा म्हणाले, हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. आता तिला प्रश्न पडलाय की उत्पन्नाच्या दाखल्याला एका सेतूत एक कागद मागतात आणि दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या सेतूत तो मागत नाहीत, तर यातलं खरं कुठलं. मी म्हटलं मलाही माहीत नाही. सोमवारी आम्ही दोघी मिळून तहसीलला माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतोय, १५० शब्दांत बसवायचं काम तिच्याकडं दिलंय.